मदत हवी आहे: घर्षणावरच्या बोल्ट जॉइंटला गॅल्व्हनायझिंग चालेल का?

नमस्कार मंडळी. सोलापूरला चिंचोळी एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशन चालतं. सध्या एका साखर कारखान्याची कन्व्हेयर गॅलरी हातात आहे. जॉइंट घर्षणावर धरलेत, म्हणजे बोल्ट कसून आवळल्यावर पत्र्यांमधलं घर्षणच भार पेलतं: एम २०, ८.८ ग्रेडचे बोल्ट, स्लिप फॅक्टर (संपर्कपृष्ठांचा घर्षण गुणांक) ०.५०, म्हणजे ग्रिट मारून ब्लास्ट केलेला, रंग न दिलेला पृष्ठभाग. आता पार्टी म्हणते, गंज नको, सगळं हॉट डिप करा, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ करा.

आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात हॉट डिपला फक्त ०.१० आहे. बोल्टचा ताण १३७ किलोन्यूटन धरला, तर एका संपर्कपृष्ठाला ६८.५ ऐवजी जेमतेम १४ किलोन्यूटन, तेही सुरक्षा गुणक लावायच्या आधी. पाचपट बोल्ट गसेटवर (जोडपट्टीवर) बसवायचे कुठे? शिवाय जस्त मऊ. दाबाखाली थर बसला की बोल्टचा ताण उतरतो. गॅलरी सतत हादरणार, त्यामुळे जॉइंट बेअरिंगवर, म्हणजे बोल्ट भोकाच्या कडेला टेकून भार घेईल असा, सोडायला मन धजत नाही.

माझा कल ब्लास्टिंग करून इथाइल झिंक सिलिकेट (जस्तयुक्त रंग) मारण्याकडे आहे. ३० ते ६० मायक्रॉनला ०.३० मिळतो; बोल्ट वाढतील, पण आवाक्यात.

गॅल्व्हनायझिंगनंतर हलकं स्वीप ब्लास्टिंग (जस्त फक्त खरबरीत करण्यापुरतं) करून कुणी स्लिप टेस्ट घेतली आहे का? आकडा किती आला? पॉवर वायर ब्रश कृपया सुचवू नका, त्याने जस्त उलट गुळगुळीत होतं. डिझायनरपुढे ठेवता येईल असा रिपोर्ट कुणाकडे असेल तर फार उपकार होतील.