बुरशी म्हातारी होऊन मरते म्हणे, आणि त्यात आरेचं नाव?

सूक्ष्मजीव_विद्यार्थी:
मंडळी एक शंका आहे. न्यूरोस्पोरा या बुरशीला खाणं मिळत राहिलं की ती वाढतच राहते, म्हातारपण नाही, असं शिकलो होतो. आता वाचतोय की तिचे काही जंगली स्ट्रेन (वाण) थोडे दिवस वाढून चक्क मरतात आणि कारण मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीच्या ऊर्जा बनवणाऱ्या भागातला, प्लाझ्मिड (मुख्य डीएनएपासून वेगळा छोटा डीएनए). प्लाझ्मिड म्हटलं की मला बॅक्टेरियाच आठवतात, हा मारतो कसा?

आळंबी:
बरोबर वाचलंय तुम्ही. पहिलं गाजलेलं उदाहरण हवाईतल्या काउआई बेटावरच्या न्यूरोस्पोरा इंटरमीडियाचं. प्लाझ्मिडचं नाव कलिलो, हवाईयन भाषेत मरणाच्या दारात असलेला. सुमारे 9 हजार बेसचा (डीएनएची अक्षरं) आणि गोल नाही, सरळ. तो विष बनवत नाही हो, त्याच्यावर मुख्य जीन्स दोनच, डीएनए पॉलिमरेज आणि आरएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनए आणि आरएनए तयार करणारी एन्झाइम्स. पण तो मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधे घुसतो, मग असे बिघडलेले डीएनए चांगल्यांपेक्षा जास्त व्हायला लागतात, श्वसन ढासळतं आणि वाढ थांबते.

गोरेगावकर:
आणि आरे म्हणजे आपलंच, महाराष्ट्रातलं! तिथल्या न्यूरोस्पोरा क्रासामधे असाच 7 हजार बेसचा प्लाझ्मिड सापडला, 1991 मधे पेपर आला, नाव ठेवलं मरनहार. शब्द हिंदी आहे पण मराठी माणसाला सांगावा लागत नाही. कलिलोशी जवळचं नातं नाही तरी मारायची पद्धत तीच, मला हे फार विलक्षण वाटतं.

सूक्ष्मजीव_विद्यार्थी:
पण मालकच मेला तर प्लाझ्मिड उरतो कसा?

आळंबी:
आईकडून पिल्लांत जातो, शिवाय दोन बुरशांचे तंतू जुळले तर तिकडेही. आणि निसर्गात न्यूरोस्पोरा जळलेल्या झाडावर भराभर वाढून बीजाणू सोडते, मरण येईपर्यंत तिचं काम झालेलं असतं असं मला वाटतं. आता पोडोस्पोरा या दुसऱ्या बुरशीचं बघा, तिचं म्हातारपण रिझे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकातच दाखवलेलं, पण तिच्या एका म्यूटंटमधे असाच सरळ प्लाझ्मिड मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधे शिरला आणि आयुष्य उलट वाढलं! त्यामुळे प्लाझ्मिड म्हणजे मरण असं सरसकट धरू नका.

गोरेगावकर:
स्वतः बघायचं असेल तर लांब काचेच्या नळीत एका टोकाला पेरा आणि वाढ कुठवर आली त्याची रोज खूण करा. असा स्ट्रेन हळू होत होत थांबतो. मात्र सुरुवातीचाच कल्चर आधी फ्रीझ करून ठेवा, परत परत सबकल्चर केलंत (थोडी बुरशी काढून नव्या खाण्यावर वाढवलीत) तर तेवढं त्याचं आयुष्य तुम्हीच वापरून टाकाल.