पाहुणे दारात आणि भाजीची टोपली रिकामी : तुम्ही काय केलंत?

गेल्या रविवारी रात्री सव्वाआठला बेल वाजली. दारात नवऱ्याचे मामा-मामी, त्यांची लेक आणि जावई. साताऱ्याचं लग्न आटोपून मुंबईला निघालेले, खंबाटकी घाटात दोन तास अडकलेले. "म्हटलं, पुण्यात तुम्ही आहातच, जरा टेकावं." फ्रिजमध्ये अर्धी काकडी आणि वाटीभर साय. आमचं जेवण उरकून भांडी सिंकमध्ये पडलेली.

पोळ्या लाटायचं त्राण नव्हतं. डबे उघडत गेले. २ वाट्या तांदूळ, १ वाटी सालीची मूगडाळ, मूठभर दाणे, गोडा मसाला असं सगळं कुकरला लावलं. तोवर आमसुलं गरम पाण्यात कुस्करून जिरं-हिंगाची फोडणी दिली, गूळ जरा सढळ हाताने. झालं सार. पापड भाजले, सांडगी मिरच्या तळल्या. पस्तीस मिनिटांत पानं घेतली. मामांनी खिचडीत खळगा केला आणि मान वर करून विचारलं, "तूप?"

नेमकं तूपच संपलं होतं.

तुमचेही असे प्रसंग लिहा. अट एकच, बाहेरून मागवलेलं चालणार नाही. घरात, डब्यांत, बरण्यांत होतं त्यातूनच केलेलं हवं.

*

आमचं गाव रत्नागिरीपासून बरंच आत. शेवटची एसटी चुकली की माणूस ओळखीचं घर शोधत यायचा, आणि आमचं घर स्टँडच्या सगळ्यात जवळ. आई कपाळाला आठी न घालता आधी भाताचं आधण ठेवायची. मग तेलात ठेचलेला लसूण, मिरची, असला तर कांदा. पाणी ओतून चार आमसुलं. उकळी आली की गार पाण्यात कालवलेली कुळथाची पिठी धारेने सोडायची आणि ढवळत राहायचं. आणखी कोणी आलं तर तांब्याभर पाणी आणि चिमूटभर मीठ वाढायचं, बस्स. सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. पाहुणा माळकरी निघाला तर पापड.

दहा मिनिटांत जेवण, असं सगळे कौतुकाने म्हणायचे. आजी मात्र फणकारायची. मे महिन्यात कुळीथ भाजून, भरडून, पाखडून, जात्यावर दळताना तिचे दोन दिवस जायचे. ते कोणी धरतच नसे.

*

वरचं वाचून येसर आठवलं. आमच्या मराठवाड्यात लेक सासरी निघाली की येसर-मेतकुटाचे डबे सोबत देतात. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. फोडणीत पाणी, त्यात कालवलेलं येसर, एक उकळी, आमटी तयार. भाजी नाही, डाळ शिजवणं नाही. माझा डबा आई गेल्यावर वर्षभर पुरवून वापरला. शेवटचे चार चमचे अचानक आलेल्या नणंदेच्या आमटीत गेले. तिला सांगितलं नाही.

*

पुण्यात नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. तिघे मित्र, एक शेगडी. एका शनिवारी रूममेटचे आईवडील न सांगता हजर, आणि तो ऑफिसात. मी ऐटीत म्हटलं, "काकू, बसा, पोहे टाकतो." पोहे धुऊन निथळत ठेवले आणि कांदा चिरायला घेतला. परत बघतो तर चाळणीत लगदा! पातळ पोहे होते. ते चिवड्याचे, धुवायचे नसतात, हे ज्ञान मला तिथे, त्या क्षणी झालं.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. काही न बोलता त्यांनी लगद्यात बेसन, तिखट, मीठ, ओवा आणि माझा चिरलेला कांदा घातला, तव्यावर थापून थालीपिठं लावली. काकांना वाटलं, मीच केली. काकूंनीही तसंच वाटू दिलं.

*

जळगाव. आमच्याकडे तिखट जाड शेव घरात नाही असं होत नाही. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईस्तोवर भाजून वाटायचं, काळा मसाला, तेल हात न आखडता, रस्सा खळखळ उकळायचा. शेव मात्र पानं वाढल्यावरच घालायची. माझ्या जाऊबाईंनी एकदा पाहुणे 'पोचतोच' म्हणाल्यावर घातली. पोचले पाऊण तासाने. पातेल्यात पिठलं होतं. चवीला बरं होतं, पण शेवभाजी म्हणून वाढताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

*

पिठल्याचा विषय निघालाच आहे तर कबुली देते. नव्या नवरीच्या उत्साहात उकळत्या पाण्यात कोरडं बेसन भसकन ओतलं आणि लिंबाएवढ्या गाठी झाल्या. चुलतसासरे जेवायला बसलेले. सासूबाई बाहेर जाऊन म्हणाल्या, "आज मुद्दाम गाठीचं पिठलं केलंय." तेव्हापासून ते आले की तेच मागतात. आता मुद्दाम गाठी करायच्या म्हटलं तर जमत नाहीत.

(वाटीभर बेसनाला तीन वाट्या पाणी, आधी गार पाण्यात कालवून. पळीवाढं हवं तर चार.)

*

मला या धाग्याचा थोडा रागच आला. पूर्वी फोन नव्हते, समजू शकते. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना 'सरप्राइज' कशासाठी? आमच्याकडे मागच्या आषाढीला दुपारी एक वाजता सहा जण, आणि आल्या आल्या, "आम्हाला एकादशी हो!" साबुदाणा भिजवलेला नाही. वरईने लाज राखली. भिजवावी लागत नाही. तुपात जिरं-मिरची, दुप्पट-अडीचपट उकळतं पाणी, वीस मिनिटांत मोकळी. दाण्याचं कूट, आमसूल, गूळ घालून आमटी. त्यावर एक ताई म्हणतात, "आम्ही उपासाला जिरं खात नाही." तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

*

जिरं! आमच्याकडे कोथिंबिरीवरून दोन घराण्यांत अबोला आहे.

*

न्यू जर्सी, बर्फाचं वादळ, शेजारचं तेलुगू कुटुंब आमच्याकडे, कारण त्यांची वीज गेली आणि आमची होती. आईने पाठवलेल्या भाजण्यांच्या दोन पिशव्या फ्रीझरमध्ये, दोन्हींवरची चिठ्ठी ओली होऊन पुसलेली. एक थालिपिठाची, एक चकलीची. मी अर्थातच चुकीची उघडली. थापलं की भेगा, उचललं की तुकडे. शेवटी मोहन घालून सोऱ्यात भरली. जेवणाला आठ माणसांनी चकल्या आणि कपात डब्यातलं टोमॅटो सूप! त्यांची मुलगी अजून विचारते, तुमच्याकडे डिनरला चकली खातात ना?

*

धागा काढणाऱ्या मुलीला : वाटीभर साय होती म्हणतेस ना? कढईत घालून मंद आचेवर ठेवली असतीस, तर कुकरचं प्रेशर जाईपर्यंत चार चमचे तूप सुटलं असतं. खाली राहिलेल्या बेरीत साखर घालून मामांच्या पानात वाढायची.

*

काकू, ती साय मी मामांच्या चहात घातली.