आठ दिवस बाहेर जायचंय आणि घरी दोन मांजरं आहेत. काय करावं?

काजळची आई

नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्हा दोघांना आठ दिवस बाहेरगावी जावं लागणार आहे, टाळता येण्यासारखं काम नाही. घरात दोन मांजरं आहेत. काजळ नऊ वर्षांची आणि कमालीची भित्री. बेल वाजली की पलंगाखाली जाते आणि पाहुणे गेल्यावरही तासभर बाहेर येत नाही. भुऱ्या चार वर्षांचा, नसबंदी झालेला, कुणाच्याही मांडीवर बसणारा. पण गेल्या वर्षी त्याची लघवी अडकली होती. नळी घालून तीन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून त्याला ओलं खाणंच जास्त देतो.

एका रात्रीपेक्षा जास्त त्यांना कधीच सोडलेलं नाही. सध्या तीन विचार चालू आहेत. ऑटोमॅटिक फीडर (ठरल्या वेळी खाणं वाढणारं यंत्र) लावायचा आणि शेजारच्या काकूंना दिवसाआड डोकावायला सांगायचं, नाहीतर प्राणी सांभाळणाऱ्या बोर्डिंगमध्ये ठेवायचं, नाहीतर सोबत न्यायचं (गाडीने सहा तास). घरचे म्हणतात, मांजर आहे, कुत्रं नाही, राहील की. माझा मात्र जीव थाऱ्यावर नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

तीन बोके

सोबत नेणं आधी बाद करा. सहा तास गाडी, अनोळखी जागा, सतत उघडझाप होणारी दारं. काजळसारखं मांजर अशा ठिकाणी एकदा दाराबाहेर सटकलं की हाक मारून परत येत नाही, जवळच कुठेतरी गप्प दडून बसतं. घरीच ठेवा. ज्या घराचा कोपरा न् कोपरा त्यांनी अंग घासून आपला केलाय, तिथे त्यांना निम्मा धीर आपोआप मिळतो.

पण दिवसाआड नको. हिशोब करून बघा. काकू सकाळी नऊला येऊन गेल्या आणि दुपारी दोनला भुऱ्याची लघवी अडकली, तर त्या पुन्हा येतील परवा सकाळी नऊला. मधे गेले त्रेचाळीस तास. लघवी पूर्ण अडकली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं, त्याने हृदयाची लय बिघडते आणि बोका दिवस-दोन दिवसांत जाऊ शकतो. तुम्ही हे एकदा पाहिलंय, तुम्हाला वेगळं सांगायला नको. रोज माणूस हवाच, आणि भुऱ्यासाठी दिवसातून दोनदा.

अंगणवेल

दोनदा येण्याला अनुमोदन. ओल्या खाण्याचा प्रश्नही त्यातूनच सुटतो. उघडं ओलं खाणं साध्या खोलीत चार तासांच्या वर ठेवू नये, उकाडा असेल तर त्याहून कमी.

फीडरबद्दल माझा अनुभव सांगते. चार दिवसांसाठी गेलो होतो, फीडर नवाकोरा, घरी दोन दिवस चालवून पाहिलेला. तिसऱ्या दिवशी दाणा मधेच अडकला आणि चकती फिरेना. कॅमेऱ्यात दिसत होतं, आमची मनी फीडरसमोर बसून एका पंजाने त्याचं तोंड ओरबाडत होती, थांबत होती, कॅमेऱ्याकडे बघत होती, पुन्हा ओरबाडत होती. किल्ली ज्यांच्याकडे होती ते स्वतःच गावाला गेलेले. शेवटी रात्री साडेअकराला एक मैत्रीण कुलूपवाला घेऊन घरी गेली. तेव्हापासून माझा नियम असा की फीडर फक्त जोडीला, आणि किल्ली दोन वेगवेगळ्या घरांत.

पाण्याचंही तसंच. कारंजं असेल तरी वीज गेली की ते बंद पडतं. दोन-तीन जड बुडाची भांडी वेगवेगळ्या खोल्यांत भरून ठेवा, खाण्यापासून आणि लिटरपासून (शी-शूच्या मातीच्या ट्रेपासून) लांब.

दवाखान्यात काम करते

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस आहे. सुट्ट्यांच्या दिवसांत आमच्याकडे येणारी बरीचशी मांजरं 'मालक बाहेरगावी' अशीच असतात. सोबत आलेल्या माणसाला मांजराचं वयसुद्धा माहीत नसतं. म्हणून कळकळीने लिहिते.

जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना कळवून ठेवा की अमुक तारखांना तुम्ही नाही आणि मांजरांना काकू आणतील. एका कागदावर दोघांची वयं, वजनं, जुने आजार, चालू औषधं, लसीकरणाच्या तारखा, आणि तुमचा फोन लागला नाही तर उपचार सुरू करायला तुमची परवानगी आहे, हे सहीनिशी लिहून द्या. खर्च किती झाला तर विचारायचं, तेही लिहा. भुऱ्याच्या जुन्या अडथळ्याची नोंद सगळ्यात वर. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, तो पत्ताही.

दुसरं म्हणजे न खाणं. 'रुसलंय, भूक लागली की खाईल' असं म्हणून लोक थांबतात. मांजराच्या बाबतीत थांबू नये. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. उपासात मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साचायला लागते. दोन-चार दिवसांत यकृत निकामी व्हायची वेळ येऊ शकते, आणि जाड मांजराला हा धोका जास्त. काजळ भीतीने खाणं सोडेल ही शक्यता धरून चाला.

आणि घरात पॅरासिटामॉल असेल तर कुलपात ठेवा. मांजराला ताप वाटला म्हणून पाव गोळी भरवणारी माणसं मी पाहिली आहेत. मांजरासाठी ते विष आहे. काकूंना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

खिडकीतलं ऊन

बोर्डिंगबद्दल कुणीच बोललं नाही, पण ते तितकं वाईट नसतं असं मला वाटतं. माझ्या मांजरीला मधुमेह आहे, दर बारा तासांनी इन्सुलिन. शेजारी सुई टोचणार नाहीत, म्हणून मी बोर्डिंगमध्येच ठेवते आणि ती नीट राहते. जागा बघताना मी इतकंच बघते की कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येतं का, पिंजऱ्यात चढून बसायला फळी आणि लपायला खोका आहे का, लसीचं कार्ड मागतात का. कार्ड न मागणाऱ्या जागेतून मी परत फिरते, कारण पॅनल्यूकोपेनियाचा (मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) विषाणू जागेत महिनोन् महिने टिकून राहतो. सोबत तिचं न धुतलेलं पांघरूण देते.

तुमच्या दोघांना मात्र घरच बरं, हे मान्य.

काजळची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू दोनदा यायला तयार आहेत. त्यांची मुलगी दोन घरं सोडून राहते, दुसरी किल्ली तिच्याकडे देते. पण काकूंनी कधी मांजर पाळलेलं नाही. त्यांना नेमकं काय बघायला सांगू? आणि काजळ दिसलीच नाही तर तिचं बरं चाललंय हे कळणार कसं?

तीन बोके

लिटरवरून कळेल. तुमची लघवी पडली की घट्ट गोळा होणारी माती आहे ना? मग काकूंना गोळे मोजायला शिकवा. निरोगी मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं, ओलं खाणाऱ्याचं थोडं जास्त. जाण्याआधी आठवडाभर तुम्ही स्वतः मोजून वहीत लिहा, म्हणजे तुमच्या घरचा आकडा कळेल. समजा दोघांचे मिळून रोज सहा होतात, तर काकूंनी सकाळ-संध्याकाळ उपसताना आकडा लिहायचा. मुठीएवढे गोळे बंद होऊन वाटाण्याएवढे पाच-सहा दिसले, किंवा भुऱ्या ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि माती कोरडीच आहे, तर फोन करत बसायचं नाही. त्याला टोपल्यात घालून थेट दवाखाना. बद्धकोष्ठ वाटून लोक इथेच वेळ घालवतात.

ट्रे दोन मांजरांना तीन ठेवा, एक काजळच्या लपण्याच्या खोलीत. ती भीतीने बाहेर आली नाही तरी अडचण होणार नाही, आणि त्या ट्रेमधला गोळा बहुतेक तिचाच. तिचं खाणं-पाणीही त्याच खोलीत वेगळं. म्हणजे वाटी रिकामी दिसली तर ती भुऱ्याने फस्त केली की तिने खाल्ली, हा घोळ कमी होईल. काजळच्या खाण्याच्या वेळी काकूंनी भुऱ्याला त्या खोलीबाहेर ठेवायचं, पंधरा मिनिटं पुरेत.

अंगणवेल

काजळला ओढून बाहेर काढायचं नाही, हे काकूंना दहा वेळा सांगा. पलंगापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसायचं, नजर रोखायची नाही, डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे तपासलं होतं. अनोळखी माणसाने असे डोळे मिटले तर मांजरं त्याच्याकडे जास्त येतात असं त्यांना आढळलं. शक्य असेल तर काकूंना आतापासूनच रोज संध्याकाळी बोलवा आणि खाणं त्यांच्याच हातून वाढा.

घरच्यांच्या 'राहील की' वर एक सांगते. २०१७ मध्ये स्वीडनमध्ये मांजरांना अर्धा तास आणि चार तास एकटं ठेवून पाहिलं होतं. चार तासांनी माणूस परतल्यावर मांजरांनी लाडात येऊन जास्त घुरघुर केली, जास्त आळोखेपिळोखे दिले. म्हणजे आपण किती वेळ नव्हतो याचा त्यांच्यावर परिणाम होतो. पलंगावर लघवी केलेली सापडली तर तो राग समजू नका, ताण असतो.

दवाखान्यात काम करते

निघायच्या दिवशी घरातून एक फेरी मारा. प्रत्येक खोलीच्या दाराला पाचर लावा, नाहीतर खेळताना दार ढकललं जाऊन मांजर ट्रेपासून तुटतं. कपाटं, वॉशिंग मशीन उघडून बघा, आत कुणी झोपलेलं नाही ना. दोरे, रबर, लोकरीची खेळणी उचलून ठेवा. लिलीची फुलं घरात असतील तर बाहेर काढा, नुसते पराग चाटले तरी मूत्रपिंडं जातात. टोपलं महिनाभर आधीच उघडं करून खोलीत ठेवा, आत जुना टॉवेल.

एक राहिलं. दोघांपैकी एकालाच दवाखान्यात न्यावं लागलं, तर परत आल्यावर दुसरं त्याच्यावर फिस्कारेल. अंगाला दवाखान्याचा वास असतो. एक-दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवायला सांगा, आपोआप निवळतं.

काजळची आई

परवा परतलो. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

आमचा घरचा आकडा सात निघाला. काकूंनी फ्रिजवर कागद चिकटवून रोज दोन वेळा लिहिलं. पहिल्या दिवशी पाच, दुसऱ्या दिवशीही पाच, आणि काजळची वाटी जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चोवीस तास व्हायला आले तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ओलं खाणं कोमट करून ठेवायला आणि सकाळपर्यंत तोंड लावलं नाही तर आणायला सांगितलं. काकू रात्री पुन्हा आल्या, दिवा बंद करून पलंगाशेजारी तासभर बसल्या. मला मेसेज आला, 'चाटण्याचा आवाज येतोय, मी हलत नाहीये.' तिसऱ्या दिवसापासून आकडा सातवर आला. भुऱ्याचं सगळं ठीक राहिलं.

पाचव्या दिवशी काकूंनी फोटो पाठवला. काजळ पूर्ण बाहेर नाही, पलंगाच्या चादरीखालून फक्त पुढचे दोन पाय आणि नाक.

काकू आता रोज संध्याकाळी येतातच. काल काजळ त्यांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपली होती.