पुण्यात बनणारी मलेरियाची लस इंदूरात का मिळत नाही?

राजवाडा_७
मुलगी १४ महिन्यांची. पुण्याच्या सीरममध्ये मलेरियाची लस तयार होते म्हणे, पण इथल्या डॉक्टरांच्या लसीकरण कार्डावर ती नाही. पैसे भरून मिळेल का? आणि एकदा दिली की काळजी मिटली ना?

लालपेशी
ती आर२१. ऑक्सफर्डची लस, उत्पादन सीरमचं. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केली. मलेरियाची आधीची लस आरटीएस,एस, तिची शिफारस २०२१ची. दोन्ही फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीविरुद्ध, वापर आफ्रिकेतल्या लहान मुलांत. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ती नाही, शिवाय आपल्याकडे व्हायव्हॅक्स हा दुसरा परजीवीही भरपूर आणि त्यावर ती चालत नाही. काळजी मिटत नाही: महिन्याच्या अंतरानं ३ डोस, वर्षभरानं चौथा. चाचणीत मोसमी मलेरियाच्या भागांत मोसमाआधी दिली तेव्हा पहिल्या वर्षी ७५ टक्के संरक्षण, बारमाही भागांत ६८.

सूक्ष्मदर्शी
चौथा डोस का, ते सांगतो. डास चावताना सोडलेले स्पोरोझोइट (परजीवीचं अंगात शिरणारं पहिलं रूप) अर्ध्या-एक तासात यकृतात शिरतात. लसीनं तयार झालेल्या प्रतिपिंडांना (अँटिबॉडींना) त्यांना अडवायला तेवढाच वेळ. या जंतूच्या अंगावरच्या सीएसपी प्रथिनातला तुकडा कावीळ-बीच्या पृष्ठप्रथिनाला जोडून यीस्टमध्ये त्याचे कण बनवतात. आरटीएस,एसमध्ये कणातल्या थोड्याच प्रथिनांना तो तुकडा जोडलेला असतो, आर२१मध्ये सगळ्यांना. तरी एक जंतू निसटला तर आठवड्याभरात यकृतातून हजारो परजीवी रक्तात उतरतात. त्यांच्या अंगावर सीएसपी नसतं, मग हे प्रतिपिंड बिनकामाचे. म्हणून पातळी सतत चढी लागते, आणि ती महिन्यागणिक घसरते. खरी अडचण ती.

राजवाडा_७
मग इथे करायचं काय?

कूलर_खाली
ताई, आधी गच्चीवर जा. शहरातला मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्साय स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो: कूलर, उघडी टाकी, हौद. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसली तर अ‍ॅनोफेलिस. डोकं खाली करून तिरपी लटकत असेल तर दुसरा डास. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस, म्हणून कूलर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून कोरडा करायचा. भिंती घासायच्या त्या डेंग्यूच्या एडिससाठी, त्याची अंडी चिकटून राहतात. टाकीला घट्ट झाकण, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी. लोक झाकण बसवतात अन् पाइप विसरतात!

लालपेशी
ताप आला तर त्याच दिवशी रक्ततपासणी. रॅपिड किटवर निकाल पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचायचा, उशिरा उमटलेली रेघ धरायची नाही. 'सी'ची, म्हणजे किट नीट चाललं हे दाखवणारी रेघच आली नाही तर किट बाद, दुसरं घ्या. निगेटिव्ह येऊनही ताप राहिला तर स्लाइड (काचेवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करा. व्हायव्हॅक्स निघाला तर क्लोरोक्विन ३ दिवस, प्रायमाक्विन १४ दिवस. प्रायमाक्विन वर्षाखालच्या बाळाला आणि गरोदरपणात देत नाहीत. जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एंझाइम) कमी असेल तर त्यानं रक्तपेशी फुटतात, म्हणून डॉक्टरांनाच ठरवू द्या. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून प्रायमाक्विन सोडलं, की यकृतात झोपलेले परजीवी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. नवा डास चावायलाही लागत नाही.