निकष इथले करणं म्हणजे सवलत मागणं?

काचबिंदू: 'लीडचे निकष भारतीय करायचे म्हणजे पास व्हायचे मार्क कमी करायचे' अशी एक पोस्ट परवा फिरत होती. लीड म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींना पॉइंट मोजून सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनमची पाटी देणारी अमेरिकन पद्धत. चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

लीडच्या बेसलाइनमध्ये, म्हणजे बचत ज्याच्याशी ताडून मोजतात त्या गृहीत वापरात, शॉवर मिनिटाला 9.5 लिटरचा, तोही 80 पीएसआय दाबाला, म्हणजे साडेपाच बारला. घरातली आंघोळ आठ मिनिटांची. झाले 76 लिटर. आपल्याकडे माणशी दिवसाचा सगळा हिशेबच 135 लिटरचा, त्यातले 45 फ्लशचे. आंघोळ होते 20 लिटरच्या बादलीत. बिल्डरने 7 लिटरचा शॉवर लावला की कागदावर माणशी 20 लिटर वाचले. नळाखाली बादली तीच. कधी वापरलंच जात नव्हतं ते पाणी वाचवल्याचे पॉइंट घ्यायचे आणि वर आम्हाला शिस्त शिकवायची!

हवेचंही तेच. लीडच्या 2009 च्या आवृत्तीत ठरवून दिलेल्या किमान हवेपेक्षा 30 टक्के जास्त बाहेरची हवा घेतली की पॉइंट होता. कोरड्या, थंड गावाला ठीक. मुंबईत जुलैमध्ये तासाला 1000 घनमीटर जादा हवा आत घेतली की एसीच्या गार कॉइलवर तासाला 12 लिटरच्या आसपास पाणी निघतं. म्हणजे जवळपास अडीच टन एसी नुसता हवा सुकवायला. आणि त्या आवृत्तीच्या 110 पॉइंटांत प्रादेशिक प्राधान्याचे, म्हणजे स्थानिक गरजांचे, किती होते? चार.

ऑडिटवाली: बेसलाइन फिटिंगची असते, माणसाची नव्हे. आजचा बादलीवाला उद्या फ्लॅट भाड्याने देईल आणि भाडेकरू 15 लिटरचा रेन शॉवर बसवेल. सवयीवर आकडा ठरवायचा तर कोणाच्या? टँकरवाल्या सोसायटीच्या की चोवीस तास पाणीवाल्यांच्या?

जादा हवेचा पॉइंट ऐच्छिक होता. परवडत नसेल तर सोडा. घ्यायचाच असेल तर एन्थाल्पी व्हील लावा, म्हणजे आत येणाऱ्या हवेतली उष्णता आणि ओलावा बाहेर जाणाऱ्या हवेला देणारं फिरतं चाक. बराचसा ओलावा चाकातच अडतो. राहिले इथले निकष. ग्रिहा ही तारे देणारी भारतीय पद्धत 2007 पासून आहे, ईसीबीसी हा इमारतींच्या ऊर्जा बचतीचा केंद्राचा कोडही तेव्हाच आला. युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, तीन, चार, पाच तारे किंवा सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनमला 3, 5, 7 टक्के जादा एफएसआय (बांधकामाचं क्षेत्र) आहे. बिल्डरला एफएसआय हवा, भाडेकरू कंपनीला परदेशातल्या मुख्यालयाला दाखवायला लीड हवं. निकष बदलल्याने यातलं काय बदलणार?

गच्चीवरची टाकी: साडेपाच बार! वरच्या मजल्यावर टाकीचा तळ शॉवरच्या वर जेमतेम साडेतीन मीटर, म्हणजे 0.35 बार. साडेपाच बारला 9.5 देणारा शॉवर तिथे वर्गमुळाच्या हिशेबाने अडीच लिटरच देतो. त्यात लो-फ्लोची जाळी बसवली की धार जाऊन ठिबकणं उरतं. प्लंबर ती जाळी (एरेटर) काढून खिडकीत ठेवतो आणि वरच्या दोन मजल्यांना प्रेशर पंप लागतो. त्या पंपाची वीज कुठल्या रकान्यात भरता?

त्याहून मोठा घोळ सोलर वॉटर हीटरचा. गच्चीपासून खालपर्यंत 25 मिमीची 30 मीटर लाइन, तिच्यात रात्रभर 15 लिटर पाणी गार होऊन बसतं. ते पाणी परत टाकीत नेणारी रिटर्न लाइन नसेल तर सकाळी पहिला नळ उघडणाऱ्याचे 15 लिटर मोरीत. सोलरचे पॉइंटही मिळाले, पाण्याचेही.

ऑडिटवाली: मोरीत कसे? बादलीने आंघोळ करतात म्हणतात ना काचबिंदू? मग ते बादलीतच पडणार आणि त्यावर गरम सोडणार. तुमच्याच बाजूचं उदाहरण.

गच्चीवरची टाकी: 20 च्या बादलीत 15 लिटर गार पडल्यावर गरमाला जागा उरली 5 लिटर. 20 अंशांचं 15 आणि 60 अंशांचं 5, मिळून 30 अंश. डिसेंबरात घ्या आंघोळ.

ऑडिटवाली: दुसरी बादली नावाची वस्तू बाजारात मिळते.

कोबा: उपाय बादली नाही. 15 मिमीची रिटर्न लाइन, पहाटे साडेपाच ते आठ टायमरवर छोटा पंप, पाणी गार होऊ नये म्हणून पाइपाला नायट्राइल फोम. रिटर्नला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) विसरलात तर गार पाणी उलटं गरम लाइनीत शिरतं आणि सगळे सोलरला शिव्या देतात.

काचबिंदू: धागा निकषांचा होता, न्हाणीघराचा नव्हे. आणि ऑडिटवाली, ईसीबीसीचं कौतुक मला सांगू नका. 2016 च्या एनबीसीत, म्हणजे राष्ट्रीय बांधकाम संहितेत, आयमॅक आलं, म्हणजे भारतीय हवामानात किती तापमान आरामाचं धरायचं याचं गणित. बाहेरची सरासरी 30 अंश असेल तर पंख्यावर चालणाऱ्या इमारतीत 29 अंशही ते आरामाचे धरतं. तरी काचेची पेटी करून 24 वर एसी चालवायचा आणि 'बेसलाइनपेक्षा 20 टक्के कमी' म्हणून पाटी लावायची! तुम्ही लोक कागद तपासता, इमारत नाही.

ऑडिटवाली: कागद तपासला नाही तर तुमच्या 'स्थानिक' नावाखाली काय काय खपवतील ते माहीत आहे. आठ मिनिटांचा आकडा इथे खोटा पडतो, एवढं मान्य. समाधान झालं? पण म्हणून बेसलाइन खाली आणू नका. ताबा दिल्यावर वर्षभर फ्लॅटनिहाय पाण्याचे मीटर वाचा, मग पाटी लावा.

गच्चीवरची टाकी: फ्लॅटनिहाय मीटर म्हणजे एक मीटर असं वाटतं की काय? आपल्याकडे प्रत्येक शाफ्टमधून वेगळी लाइन उतरते. दोन न्हाणीघरं, स्वयंपाकघर, ड्राय बाल्कनी, शिवाय फ्लशिंगची वेगळी. पाच-सहा मीटर एका घराला. आणि प्रत्येकाच्या आधी वाय-स्ट्रेनर (गाळ अडवणारी जाळी) लावा, नाहीतर टँकरच्या गाळाने ते पहिल्याच उन्हाळ्यात अडकतील आणि तुमचा आकडा शून्य येईल. प्लॅटिनम!