कोटिनिन सारखंच आलं, तर घातक रसायनंही तेवढीच गेली का?

अबोली:
सिगारेट, हुक्का, तोंडात धरायचा तंबाखू, तापवून ओढायचा तंबाखू आणि ई-सिगारेट यांची तुलना करायची आहे. सगळ्यांच्या लघवीतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारं रसायन) मोजलं तर कशातून किती घातक रसायनं जातात ते कळेल का?

गारवेल:
नाही. कोटिनिनवरून फक्त निकोटिन कळतं. निकोटिनची पट्टी लावणाऱ्याचंही कोटिनिन चढलेलं येतं, आणि त्याने धूर घेतलेलाच नसतो.

काही जळालं का, हे उच्छ्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून बघा. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड साधारण चार-पाच तासांत निम्म्यावर येतो, त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या मोजलं तर आकडा फसवा कमी येतो. दुपारनंतर मोजा आणि शेवटचा झुरका कधी मारला ते लिहून ठेवा.

कर्करोगकारक नायट्रोसामाइनसाठी लघवीतलं एनएनएएल. एनएनके हे तंबाखूतलं असंच एक नायट्रोसामाइन; ते शरीरात गेलं की त्याचं एनएनएएल होतं आणि ते कित्येक आठवडे उतरत राहतं. मागच्याच आठवड्यात सिगारेट सोडून ई-सिगारेट धरलेल्या माणसाचं एनएनएएल आज मोजलंत, तर ते बहुतांश जुन्या सिगारेटचंच असणार. अशांना निदान महिना-दीड महिना जाऊ द्या. लघवी पातळ असली की सगळेच आकडे खाली येतात, म्हणून क्रिएटिनिनशी (लघवीतून साधारण ठरावीक प्रमाणात बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) गुणोत्तर काढायला विसरू नका.

काजवा:
हे तीन आकडे शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. तोंडातला तंबाखू जळत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइड आणि अॅक्रोलीन (धुरातलं एक दाहक रसायन) जवळजवळ न ओढणाऱ्याएवढेच. एनएनएएल मात्र सिगारेटवाल्याइतकं, कधी त्याहून जास्त, कारण नायट्रोसामाइन मुख्यतः पान वाळवताना आणि आंबवताना तयार होतात. शिवाय त्यात अल्कधर्मी पदार्थ मिसळला की निकोटिन मुक्त रूपात येतं आणि गालाच्या अस्तरातून झपाट्याने शिरतं. पाकिटावरचा निकोटिनचा आकडा त्यामुळे अपुरा. सामू मोजायलाच हवा.

हुक्क्यातलं पाणी धूर गार करतं, विष गाळत नाही. कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः कोळशातून येतो. तंबाखूविरहित हुक्का ओढणाऱ्याचं कोटिनिन अगदी कमी आणि कार्बन मोनॉक्साइड चढलेला, असं चित्र म्हणूनच दिसतं.

अबोली:
'लाइट' सिगारेटचा वेगळा गट करू का? आणि दोन-दोन प्रकार वापरणाऱ्यांचं काय?

गारवेल:
'लाइट'चा नको. त्यातला निकोटिनचा कमी आकडा धूर ओढून मोजणाऱ्या यंत्राचा: मिनिटाला एक, ३५ मिलीलिटरचा, दोन सेकंदांचा झुरका. फिल्टरवरच्या बारीक भोकांतून हवा आत येते म्हणून यंत्राला धूर विरळ मिळतो. माणूस मात्र बोटांनी-ओठांनी ती भोकं झाकतो आणि निकोटिन पुरेसं मिळेपर्यंत खोल ओढतो.

दोन्ही वापरणाऱ्यांचा गट मात्र हवाच. तापवायच्या उपकरणात तंबाखू साधारण ३५० अंशांपर्यंत जातो, सिगारेटचं टोक झुरक्यासरशी ९०० अंशांच्या आसपास. म्हणून पूर्ण बदल केला तर कार्बन मोनॉक्साइड बराच उतरतो, पण बाकीचे बरेच घातक पदार्थ उरतातच. सिगारेट चालू ठेवून वर ई-सिगारेट ओढली तर मात्र घातक रसायनं सिगारेटवाल्याएवढीच भरतात. आणि रोजची एकच सिगारेट राहिली तरी हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो.

काजवा:
ई-सिगारेटवाल्यांकडून कॉइलची (द्रव तापवणाऱ्या तारेची) शक्ती किती वॅटवर ठेवतात तेही विचारा. द्रव शोषणारी वात कोरडी पडून कॉइल जास्त तापली की द्रवातल्या ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलचं विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड वाढतं. कॉइलमधून निकेल, क्रोमियमही येतात, आणि ते वरच्या तिन्ही चाचण्यांत दिसणार नाहीत; धातूंची तपासणी स्वतंत्र करावी लागेल.