'पॉव्हर्टी ट्रॅप' : दुष्टचक्र, सापळा की आणखी काही?

ब्रिटनमधले कर, सरकारी मदत आणि तुटपुंजा पगार यांचा एकमेकांशी काय संबंध लागतो, यावरच्या एका अर्थशास्त्रज्ञाच्या लेखाचा अनुवाद करतोय. 'पॉव्हर्टी ट्रॅप' जवळजवळ दर पानावर आहे. मी बिनधास्त 'दारिद्र्याचे दुष्टचक्र' लिहीत गेलो आणि चौथ्या पानावर अडलो. तिथे म्हटलंय की पगार वाढला तरी घरात फारसं काही येत नाही. यात चक्र कुठलं? शिवाय 'टेपर रेट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद १
चक्र नाहीच. आपल्या पाठ्यपुस्तकांतलं दुष्टचक्र अर्थशास्त्रज्ञ रॅग्नर नर्क्स यांच्या १९५३च्या मांडणीतलं: उत्पन्न कमी म्हणून बचत कमी, बचत कमी म्हणून भांडवल कमी, त्यामुळे उत्पादकता कमी आणि फिरून उत्पन्न कमीच. तो आख्ख्या देशाचा विचार आहे.

तुमच्या लेखातला अर्थ वेगळा. १९७१ साली ब्रिटनमध्ये कमी पगारावर मुलंबाळं पोसणाऱ्या कुटुंबांना पूरक रक्कम मिळू लागली. पगार एक पौंडाने वाढला की ती अर्ध्या पौंडाने घटायची; वर कर आणि राष्ट्रीय विम्याचा हप्ता होताच. त्याच वर्षी फ्रँक फील्ड आणि डेव्हिड पियाशो यांनी हा प्रकार 'पॉव्हर्टी ट्रॅप' या नावाने मांडला.

आजचा हिशेब 'युनिव्हर्सल क्रेडिट'चा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा. इंग्लंडमधली एक बाई धरा, पगार करमुक्त मर्यादेच्या (वर्षाला १२,५७० पौंड) वर, आणि क्रेडिटही चालू. तिने जादा काम करून १०० पौंड मिळवले. २० पौंड प्राप्तिकर, ८ पौंड राष्ट्रीय विमा. उरले ७२. त्याच्या ५५ टक्के, म्हणजे ३९ पौंड ६० पेन्स, क्रेडिटमधून वळते. हातात ३२ पौंड ४० पेन्स. हे ५५ टक्के म्हणजेच टेपर. २०२१ पर्यंत ६३ होते. सगळ्यात वरच्या टप्प्यातल्या श्रीमंताचे १०० पौंडांमागे कर आणि विमा धरून ४७च जातात!

प्रतिसाद २
मग 'सापळा' म्हणा की सरळ. टेपरला 'कपात दर'.

प्रतिसाद १
'कपात' नको. पगाराच्या चिठ्ठीत जी दिसते ती कपात, म्हणजे वरचे २० आणि ८. टेपरचे ३९.६० त्या चिठ्ठीत दिसतच नाहीत. क्रेडिट जमा होतं तेव्हा कळतात. दोन्हींना एकच शब्द लावला तर वाचकाचा गोंधळ होणार. 'कात्री'चाही मोह झाला होता, पण मदतीला कात्री लागली म्हटलं की सरकारने नियम बदलून सगळ्यांचीच रक्कम कमी केली असं वाटतं. इथे नियम तोच, पगार तेवढा वाढलाय. 'घट दर' पुरे. पहिल्यांदा येईल तिथे 'दर जादा पौंडामागे मदतीत होणारी घट' असं फोडून लिहा, पुढे अडचण नाही.

प्रतिसाद ३
'सापळा'बद्दल माझी शंका. सापळा कुणीतरी लावतो. इथे कर एका खात्याचा, मदत दुसऱ्याची. दोघांचे नियम एकाच पगारावर येऊन आदळतात, मुद्दाम कुणी काही केलेलं नाही. अशा वेळी आपण 'कोंडी झाली' म्हणतो. दारिद्र्याची कोंडी. शिवाय कोंडी फुटते, फोडता येते. घट दर कमी करणे हा तसाच एक उपाय. दुष्टचक्र मात्र 'भेदावं' लागतं, ते क्रियापदच निराळं.

प्रतिसाद २
कोंडी वाहतुकीची. वाचक हॉर्न वाजवायला लागतील.

प्रतिसाद १
वाजवू देत. 'कोंडी'ला माझं मत. जोडीला 'अनएम्प्लॉयमेंट ट्रॅप' येत असेल, तर तिची गल्लत होऊ देऊ नका. ती बेकाराची कोंडी: कामावर गेलं काय नि न गेलं काय, हाती येणाऱ्या पैशांत फरक थोडाच. वरच्या हिशेबातली बाई कामावर आहेच.

मूळ प्रश्नकर्ता
आभार. 'दारिद्र्याची कोंडी' आणि 'घट दर' घेतले. चौथं पान पुन्हा लिहिलं, आता वाक्यं आपोआप सुटी झाली. 'बेनिफिट'ला 'लाभ' लिहिलं होतं, तेही खोडून सगळीकडे 'मदत' केलं. 'पगार वाढला की लाभ घटतो' हे नफ्यातोट्याच्या वहीतलं वाटत होतं. आता सातव्या पानावर 'इन-वर्क पॉव्हर्टी'. 'कमावत्यांची गरिबी' चालेल का?

प्रतिसाद ३
चालेल. 'कमावत्या घरांची' केलंत तर आणखी बरं. तिकडे गरिबी मोजतात ती घराच्या उत्पन्नावरून, एकेकट्या माणसाच्या पगारावरून नव्हे.